बावीस पिवळ्या टोप्या आणि एक तडा

शुक्रवारी संध्याकाळी भाऊसाहेबांनी खोलीत जाहीर करून टाकलं, की उद्या एका दिवसात आपण सबंध जुनं गाव पालथं घालून येणार! सात ठिकाणं, नऊ तास, आणि मध्ये डबा खायला बारा मिनिटं!

आता भाऊसाहेब म्हणजे कुणी पुढारी नव्हेत, की निवृत्त मामलेदारही नव्हेत. वय वर्षं तेवीस. अंगकाठी अशी, की वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड घालून फिरावं. पण पाळण्यात असल्यापासून चेहरा इतका गंभीर, की पहिल्यांदा बघायला आलेल्या मावशीच्या तोंडून निघून गेलं, ‘काय भाऊसाहेब, झोप झाली का?’ तेव्हापासून ते भाऊसाहेबच. शिकायला परदेशी आले, तर नावही सामानाबरोबर आलं. इथे त्यांचा विषय होता काँक्रीटला तडे का जातात. आठ महिन्यांत त्यांनी तड्यांवरची अठ्ठावीस पुस्तकं वाचली होती आणि खोली, प्रयोगशाळा आणि तळघरातलं कपडे धुण्याचं यंत्र या तीन गोष्टी पाहिल्या होत्या.

मग अचानक फिरायला जायची हुक्की कशी आली? तर त्यामागे सर होते. सरांच्या हाताखाली सहायकाची एक जागा होती. ती मिळाली, तर आणखी दोन वर्षं इथे काम. नाही मिळाली, तर तीन महिन्यांनी गाशा गुंडाळून घरी. आणि घरी काय परिस्थिती होती म्हणता! भाऊसाहेबांनी फोनवर आईला नुसतं “झाल्यातच जमा आहे” म्हटलं होतं. आईने ते तासाभरात इमारतीच्या चारही मजल्यांवर पोचवलं होतं. आता जागा नाही मिळाली, तर चार मजल्यांचा जिना चढायचा कसा?

गुरुवारी सरांनी बोलावून विचारलं, “तुम्ही इथे आल्यापासून पुस्तकं सोडून काही पाहिलंत का?”

“हो सर.”

“काय?”

भाऊसाहेब कपडे धुण्याच्या यंत्राचं नाव घेणार, तोच सरांनी हात वर केला.

“जुन्या गावात जाऊन या,” सर म्हणाले. “खऱ्या भिंती बघा. डोळ्यांनी! सोमवारी दहा वाजता मला सांगा काय पाहिलंत. मग जागेचं ठरवू.”

झालं! भाऊसाहेबांनी रातोरात वेळापत्रक आखलं. त्यांचा खोलीतला जोडीदार औषधशास्त्र शिकत होता, म्हणून त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. तो गादीवर पडल्या पडल्या म्हणाला, “भाऊसाहेब, फोनमधला नकाशा लावून घे हं नीट.”

“नकाशा? मला? अरे, रस्ता विचारावा लागणं आमच्या रक्तातच नाही!”

हे मात्र खरं होतं. भाऊसाहेबांच्या घराण्यात कुणी कधी रस्ता विचारत नसे, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, कुणी काहीही विचारलं तरी “माहीत नाही” असं म्हणत नसे. ते दोन शब्द त्यांच्याकडे कुणी शिकवलेलेच नव्हते! एकदा सामान भरलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने त्यांच्या बाबांना कुठलीशी वसाहत विचारली. बाबांनी त्या वसाहतीचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. पण त्यांनी हात करून दिशा दाखवली, दोन वळणं सांगितली, वर एक पेट्रोल पंपही सांगितला. ट्रक तिसऱ्या दिवशी परत आला, तरी बाबा म्हणाले, “तो पेट्रोल पंप यांना दिसलाच नसणार.”

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. “अरे, छत्री घे बरोबर. तिकडचं आभाळ काही सांगता येत नाही.” भाऊसाहेबांची छत्री मोडलेली, म्हणून त्यांनी डॉक्टरची उचलली. पोपटी रंगाची! लांबून बघितली तरी डोळे चुरचुरतील अशी! पण म्हटलं, आपल्याला कोण ओळखतंय इथे?

दहाला दोन मिनिटं कमी असताना भाऊसाहेब जुन्या गावाच्या चौकात उतरले. मधोमध कारंजं, चारी बाजूंना दगडी इमारती, समोर घड्याळाचा उंच मनोरा. मनोरा कलला आहे का, हे बघायची इंजिनिअरांची एक युक्ती असते. हात ताठ पुढे धरायचा, हातात सरळ काहीतरी घ्यायचं, एक डोळा मिटायचा आणि ताडून बघायचं. भाऊसाहेबांनी मिटलेली पोपटी छत्री उंच धरली, डावा डोळा मिटला आणि कारंज्याजवळ निश्चल उभे राहिले.

दोन मिनिटांनी डोळा उघडून मागे वळतात, तर मागे बावीस म्हातारी माणसं! सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या, हातात वह्या, आणि नजरा भाऊसाहेबांकडे!

त्यांच्या म्होरक्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. गळ्यात शिट्टी होती. (यापुढचं सगळं बोलणं तिकडच्या भाषेत झालं, ते मराठीतच सांगतो, म्हणजे तुम्हालाही त्रास नको आणि मलाही.)

“अगदी वेळेवर!” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. “पत्रात लिहिलंच होतं, कारंज्याजवळ, दहा वाजता, हिरवी छत्री. चला, सुरू करा!”

इथेच भाऊसाहेबांनी सांगायला हवं होतं, की बाई, मी गाइड नाही. तोंड उघडलंही होतं! पण तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा पुढे आले आणि त्यांनी बोट दाखवून विचारलं, “ती इमारत कसली?”

बस्स! प्रश्न आला! भाऊसाहेबांच्या तोंडून त्यांच्या बाबांचा आवाज बाहेर पडला. “ती होय? ती जुनी धान्याची कोठी.”

“साल?” आजोबांनी पेन्सिल जिभेला लावली.

“सोळाशे... चौऱ्याहत्तर.”

बावीस पेन्सिली वह्यांवर चालल्या. इमारतीच्या दारावर ‘सार्वजनिक स्नानगृह’ अशी पाटी होती, हे भाऊसाहेबांना पुढे गेल्यावर दिसलं. पण तोवर फार उशीर झाला होता.

पहिली दहा मिनिटं भाऊसाहेबांनी कशीबशी रेटली. एका पुतळ्याला त्यांनी सेनापती केलं, एका बोळाला राजमार्ग केलं. आजोबा दर वाक्यामागे “साल?” म्हणत आणि भाऊसाहेब आपल्या नातेवाइकांचे फोन नंबर आठवून त्यातले चार आकडे देत. आत्याच्या नंबरात एक पूल बसला, काकांच्या नंबरात एक प्रार्थनामंदिर. पण किती नातेवाईक पुरणार? शेवटी एका पाववाल्याच्या दुकानाच्या भिंतीपाशी येऊन ते थांबले आणि त्यांना एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. भिंतीवर तडा होता!

मग काय विचारता! भाऊसाहेबांची गाडी सुटली ती सुटलीच. “हे बघा! ही भिंत आपल्याशी बोलतेय! हा तडा खालून वर गेलाय, म्हणजे पाया खचलाय. हा बारीक, जाळीसारखा दिसतोय ना? हा नुसता गिलाव्याचा, वरवरचा. याला घाबरायचं नाही. तडा कधी सरळ जात नाही. जिथे भिंत कमजोर, तिथून तो वाट काढतो. वाकडातिकडा, थांबत थांबत.”

म्हातारी मंडळी खूश! राजे आणि सेनापती त्यांनी ढिगाने ऐकले होते. भिंतीची नाडी बघणारा गाइड पहिल्यांदाच भेटला होता. पाववाला पिठाचे हात घेऊन बाहेर आला आणि आपल्या भिंतीकडे काळजीने बघू लागला. बावीसजण रस्ताभर तडे शोधायला पांगले. फरसबंदीत सापडले, कठड्यात सापडले, एका आजींनी तर आजोबांच्या काठीतच तडा काढून दाखवला!

भाऊसाहेब हरखून गेले. आठ महिन्यांत त्यांचं बोलणं कुणी पाच मिनिटांच्या वर ऐकलं नव्हतं. डॉक्टर तर दुसऱ्या मिनिटाला घोरायचा. आणि इथे बावीस माणसं माना डोलवतायत! वेळापत्रक, डबा, बारा मिनिटं, सगळं ते विसरले.

तेवढ्यात धापा टाकत एक मुलगी आली. हातात हिरवी छत्री, दुसऱ्या हाताने पंक्चर झालेली सायकल ढकलत. ती खरी गाइड होती, हे सांगायला नको.

“माफ करा, उशीर झाला! पिवळ्या टोप्यांचा गट ना? मी तुमची गाइड.”

“आम्हाला गाइड आहे,” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

मुलीने भाऊसाहेबांकडे आणि त्यांच्या छत्रीकडे बघितलं. “तुम्ही कोण?”

अहो, सुटकेचं दार सताड उघडलं होतं! नुसतं “चूक झाली” म्हणायचं आणि बस धरायची. पण सगळे कौतुकाने बघत असताना खाली उतरणं कुणाला जमतं? भाऊसाहेब घसा खाकरून म्हणाले, “मी तज्ज्ञ आहे.” हे आठवलं की आजही ते स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतात.

“अस्सं?” मुलगी म्हणाली. “मग मीही ऐकते.” तिने सायकल भिंतीला टेकवली आणि हाताची घडी घालून गटाच्या मागे उभी राहिली.

आणि मग सगळे मनोऱ्यापाशी आले. आजोबांनी काठी वर केली. “आणि हा?”

भाऊसाहेबांनी मान वर केली. कारंज्यापासून न दिसणाऱ्या बाजूला, मनोऱ्याच्या टोकापासून थेट जमिनीपर्यंत एक काळपट रेघ उतरली होती! एवढा मोठा तडा त्यांनी अठ्ठावीस पुस्तकांत बघितला नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे सोमवार आला. सर विचारतायत, काय पाहिलंत? आणि आपण सांगतोय, सर, मनोऱ्याचा तडा पाहिला, जो कुणालाच दिसला नव्हता! जागा मिळालीच म्हणून समजा!

“हा,” ते खर्जात म्हणाले, “आजचा सगळ्यात गंभीर तडा.”

“म्हणजे मनोरा पडणार?” एका आजींनी विचारलं.

“पडू शकतो.”

“कधी?”

आता याचं उत्तर कुणाला माहीत असतं? पण प्रश्न तर आला होता! “कधीही,” भाऊसाहेब म्हणाले.

“कधीही म्हणजे आजसुद्धा?”

“आज... सुद्धा.”

फुर्रर्र! मुख्याध्यापिका बाईंनी शिट्टी फुंकली! चाळीस वर्षं शाळेची मैदानं रिकामी करणारी ती शिट्टी. तिच्यापुढे चौकाची काय कथा? “सगळे बाहेर! रांगेत! धावायचं नाही!” मनोऱ्यावर चढलेली माणसं पटापट खाली उतरली. समोरच्या उपाहारगृहातले वेटर बशांसकट टेबलं उचलून पळाले. पाववाला भट्टी विझवून आला. मागून ती गाइड मुलगी “अहो, एक मिनिट, ऐका तरी!” असं ओरडत होती, पण शिट्टीपुढे तिचा आवाज कुठला ऐकू येणार? बाईंनी तिला हाताला धरून रांगेत उभं केलं.

पाच मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी ठणाणा करत आली. पोलिसांनी चौकाला पट्ट्या बांधल्या. हेल्मेट घातलेला एक दांडगा अधिकारी वही उघडून भाऊसाहेबांपुढे उभा राहिला.

“मनोरा आज पडणार, असं तुम्ही म्हणालात?”

भाऊसाहेबांनी अधिकाऱ्याच्या वहीकडे बघितलं. जरा कमी करावं म्हणून ते म्हणाले, “तसं अगदी आजच असं नाही...”

“मग कधी?”

“मंगळवारपर्यंत थांबेल.”

अधिकाऱ्याने ‘मंगळवार’ लिहून घेतलं. “सकाळी की दुपारी?”

“दुपारी,” भाऊसाहेब म्हणाले. काय करणार बिचारे! विचारलंच होतं ना!

“साल?” मागून आजोबांनी विचारलं.

नगरपालिकेला फोन गेला. तिथून कळलं, की मनोऱ्याच्या देखभालीचे सल्लागार जवळच राहतात, आज सुट्टीवर आहेत, पण त्यांना ताबडतोब बोलावतो. भाऊसाहेबांना बरंच वाटलं. म्हटलं, कुणी जाणकार आलं, तर आपण हळूच सटकू.

अर्ध्या तासाने एक गाडी आली. दार उघडलं आणि आतून बाहेर पडले सर! साक्षात सर! डोक्यावर चकचकीत कागदाची शंकूची टोपी होती. नातीचा वाढदिवस अर्धा टाकून आले होते, टोपी काढायचं भानही राहिलं नव्हतं. भाऊसाहेबांनी चटकन छत्री उघडली आणि तिच्याआड तोंड लपवलं. पण त्या रंगाच्या छत्रीआड लपलेला माणूस सगळ्यात आधी दिसतो!

“मनोरा पडतोय, हे सांगितलं कुणी?” सरांनी विचारलं.

“आमच्या गाइडने!” मुख्याध्यापिका बाई अभिमानाने म्हणाल्या, आणि बावीस बोटं छत्रीकडे वळली.

सरांनी छत्री बाजूला केली. “तुम्ही?” सर म्हणाले. भाऊसाहेबांना वाटलं, आता हाच मनोरा मंगळवारची वाट न बघता आपल्यावर पडला तर किती बरं होईल!

सर पट्टी ओलांडून मनोऱ्यापाशी गेले. भाऊसाहेब मागून गेले. जाणं भागच होतं. सरांनी त्या काळपट रेघेवर बोट फिरवलं, मग नखाने खरवडलं. रंगाचा पोपडा निघाला आणि आत काहीतरी लालसर चमकलं.

“हे काय आहे?”

आयुष्यात पहिल्यांदा भाऊसाहेब गप्प राहिले.

“तांब्याची पट्टी आहे,” मागून गाइड मुलगी म्हणाली. “वीज पडली तर ती जमिनीत उतरवायला. वरून दगडाचा रंग दिला होता, तो काळा पडलाय. मी रोज सांगते लोकांना. आज सांगायला कुणी तोंडच उघडू दिलं नाही.”

मुख्याध्यापिका बाईंनी वहीची पानं उलटली. “पण सकाळी पाववाल्याच्या भिंतीपाशी तुम्हीच सांगितलंत,” त्या चष्मा सरसावत म्हणाल्या, “तडा कधी सरळ जात नाही. मी खाली रेघही मारलीय.”

“बरोबर,” सर म्हणाले. “हे पहिल्या महिन्यातच शिकवतो मी.”

“सर, ते प्रकाशामुळे...” भाऊसाहेब पुटपुटले.

“सोमवारी दहा वाजता,” सर म्हणाले, आणि गाडीत बसून निघून गेले. टोपी तशीच होती.

आता म्हाताऱ्या मंडळींनी भाऊसाहेबांना चौकात धरून झोडपायला हवं होतं की नाही? छे! ती तर आनंदाने वेडी झाली होती. शिट्टी काय, आगीचा बंब काय, पट्ट्या काय! दरवर्षी त्यांची सहल निघायची आणि दरवर्षी त्यांना थडगी आणि कमानी दाखवून परत पाठवायचे. आजोबांना तर त्या दांडग्या अधिकाऱ्याने बंबात बसवून चौकाला एक फेरी मारून आणली. जाताना मुख्याध्यापिका बाईंनी भाऊसाहेबांचा हात हातात घेतला.

“ते तुमचे शिक्षक का?”

“हो. सोमवारी माझ्या जागेचा निकाल आहे त्यांच्याकडे.”

“कसली जागा?”

“त्यांच्या हाताखालची. आता ती जाणार,” भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चिरकला. “घरी सगळ्यांना सांगून बसलोय हो मी!”

बाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. “काही काळजी करू नका. आम्ही बघतो.” ‘आम्ही बघतो’ हे ऐकून भाऊसाहेबांची काळजी दुप्पट झाली.

रविवार कसा गेला, ते विचारू नका. आईचे तीन फोन येऊन गेले. भाऊसाहेबांनी तिन्ही वेळा अंघोळ चालल्याचं डॉक्टरकडून कळवलं. सोमवारी दहाच्या ठोक्याला ते सरांच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसले. सरांच्या टेबलावर दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता.

“हे काल विभागाच्या पेटीत मिळालं,” सर म्हणाले. “एका बाईंनी स्वतः येऊन टाकलं म्हणे. बसमध्ये सगळ्यांना कागद वाटून लिहून घेतलेलं दिसतंय. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने सुधारल्या आहेत.”

भाऊसाहेब खुर्चीच्या टोकावरून आणखी पुढे सरकले.

सर एकेक कागद उलटून वाचू लागले. “‘इतका रसाळ बोलणारा मुलगा आम्ही पाहिला नाही.’ ‘चौदा सहलींत पहिल्यांदाच मला झोप लागली नाही.’ ‘याला कृपया नोकरी द्या.’ हे बघा, हे कुणा आजोबांचं. ‘मुलगा फार चांगला आहे. सालं सगळी चुकीची आहेत.’”

“सर, म्हणजे...” भाऊसाहेबांना आशेचा किरण दिसू लागला.

“बावीस माणसं एकमुखाने सांगतायत, की तुम्ही जन्मजात गाइड आहात.” सरांनी गठ्ठा नीट जुळवून पुन्हा दोरी बांधली. “इतकी माणसं चुकणार नाहीत. मलाही ते पटलंय.”

“आणि सहायकाची जागा?”

“त्या जागेला दोन अर्ज होते. एक तुमचा. दुसरा आमच्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका मुलीचा. दिवसा ती जुन्या गावात गाइडचं काम करते. शनिवारी तुम्ही तिला भेटलाच आहात. तिला तांबं ओळखता येतं. आजपासून ती इथे काम करेल.”

भाऊसाहेब उठले. खुर्ची जागेवर सरकवली. दारापर्यंत गेले, तिथे घुटमळले आणि तिथूनच खाली मान घालून त्यांनी विचारलं, “सर, मग तिची ती गाइडची जागा आता रिकामी झाली असेल ना?”

“झाली आहे.”

“मी तिथे अर्ज करू का?”

“जरूर करा,” सर म्हणाले, आणि तो गठ्ठा त्यांनी टेबलावरून पुढे सरकवला. “फक्त शिफारसपत्र मागायला माझ्याकडे येऊ नका. तुमच्याकडे बावीस आहेत.”